‘बिडी तरी ओढू द्या त्याला’ असे म्हणणे आता थांबवूया

वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करताना आम्ही घरोघरी जाऊन नावे लिहून घेतो. त्या यादीत एक माणूस सहसा नसतो. तो म्हणजे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा गंभीर मानसिक आजार असलेला, ओट्यावर बसून दिवसाला दोन बंडल बिड्या ओढणारा. घरचे म्हणतात, “बिडी तरी ओढू द्या त्याला, तेवढाच आधार आहे.” आम्हीही बरीच वर्षे हेच म्हणत होतो. हा समज चुकीचा आहे आणि तो जीवघेणा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरतात. यातले बहुतेक मृत्यू हृदयविकार, फुफ्फुसाचे आजार अशा शारीरिक कारणांनी होतात, आणि धूम्रपान हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

मग बिडी ओढल्यावर त्याला बरे का वाटते? निकोटीन उतरू लागले की चिडचिड आणि अस्वस्थता होते. पुढची बिडी ती अस्वस्थता तात्पुरती घालवते, म्हणून बिडीने मन शांत होते असे वाटते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाल्याचे त्यात दिसले. मानसिक आजार असलेल्यांमध्येही हेच आढळले.

मात्र येथे आमची एक चूक सांगणे गरजेचे आहे. ओलान्झापिन चालू असलेल्या एका भावाला आम्ही बिडी सोडायला लावली, फूल देऊन त्याचा सत्कारही केला. पंधरा दिवसांत तो दिवसभर झोपून राहू लागला, चालताना तोल जाऊ लागला. आजार वाढला असे समजून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या आणि मग आजार खरोखरच उलटला. बिडी सोडणार हे डॉक्टरांना आधी सांगायला हवे होते. ते आम्ही सांगितले नव्हते.

कारण असे आहे. तंबाखूच्या धुरातील काही रसायनांमुळे यकृतातील एक एन्झाइम वाढते आणि क्लोझापिन व ओलान्झापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. त्यामुळे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर बंद झाला की काही दिवसांतच तोच डोस जड होतो. अति झोप, चक्कर येते. क्लोझापिनमध्ये लाळ गळणे, बद्धकोष्ठता, कधी फिटसुद्धा येऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. म्हणून बिडी सोडून खर्रा किंवा मशेरी धरली तरी औषध अंगात वाढणारच, आणि तंबाखूचे इतर धोके राहणारच. पुन्हा बिडी सुरू झाली तर औषध कमी पडते, हेही डॉक्टरांना सांगावे लागते.

उपचार आहेत. निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो सतत चघळायचा नसतो, थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. त्यांनी मानसिक आजार बळावेल अशी भीती होती. २०१६ साली आठ हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीत तसा लक्षणीय धोका आढळला नाही. या लोकांपैकी निम्म्यांना मानसिक आजार होता.

सोबतीचाही उपयोग होतो. ब्रिटनमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्या ५२६ जणांच्या अभ्यासात, खास त्यांच्यासाठी आखलेली मदत मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी १४ टक्क्यांनी धूम्रपान सोडले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. वर्षभराने हा फरक कमी झाला. म्हणजे एका शिबिराने भागत नाही, जात राहावे लागते.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे :

१. आधी त्याला विचारावे. जबरदस्ती करू नये, बिड्या लपवू नयेत.
२. तारीख ठरवण्यापूर्वी त्याच्यासोबत मानसोपचार डॉक्टरांकडे जावे. गोळ्यांची चिठ्ठी आणि रोज किती बिड्या ओढतो याचा आकडा सोबत न्यावा.
३. एकदम जमत नसेल तर हळूहळू कमी करू द्यावे.
४. पहिले दोन ते चार आठवडे वरचेवर भेटावे. चिडचिड, झोपमोड हे बिडी सुटल्याचे परिणाम असू शकतात. पण भास, संशय किंवा मरणाचे बोलणे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.
५. “गोळी घे, मग बिडी देतो” ही सवय घरच्यांना सोडायला सांगावी. चहा, फेरफटका, गप्पा हे बक्षीस चालेल.
६. पुन्हा ओढली तर रागावू नये. परत सुरुवात करावी.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत.

तो भाऊ आज कमी डोसवर आहे आणि बिडीही सुटली आहे. दुसऱ्यांदा सोडताना आम्ही आधी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो होतो. आपल्या पुढच्या यादीत ओट्यावरच्या त्या माणसाचेही नाव असू द्या.