सविस्तर अर्ज आणि धौलपूर हाउसमधला अर्धा तास

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे मिळून २०२५ गुण असतात. मुलाखतीला आयोग व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो, कारण उमेदवाराच्या ज्ञानाची पारख लेखी परीक्षेत होऊन गेलेली असते आणि येथे त्याचे तारतम्य, विचारांची सुसंगत मांडणी, आवडींची खोली आणि बौद्धिक व नैतिक प्रामाणिकपणा पाहायचा असतो. ही उलटतपासणी नसून सहज, पण हेतुपूर्वक दिशा दिलेले संभाषण असते, हे आयोगाच्या अधिसूचनेतच नमूद आहे. असे असूनही अभिरूप मुलाखतींत, म्हणजे प्रत्यक्ष मुलाखतीच्या रंगीत तालमींत, कोटाचा रंग आणि बसण्याची ढब यांवर इतका वेळ खर्ची पडतो, की ज्या कागदावर सगळे संभाषण उभे राहते तो सविस्तर अर्ज दुर्लक्षित राहतो.

या अर्जात उमेदवाराने आपला जिल्हा, शिक्षण, पूर्वीची नोकरी, छंद आणि सेवांचा पसंतीक्रम स्वतःच्या हाताने भरलेला असतो, आणि दिल्लीच्या शाहजहान रोडवरील धौलपूर हाउस या आयोगाच्या कार्यालयात मुलाखत मंडळापुढे त्याची माहिती असते. आयोगाचा एक सदस्य मंडळाचा अध्यक्ष असतो, इतर सदस्य निरनिराळ्या क्षेत्रांतील जाणकार असतात, आणि आपण कोणत्या मंडळापुढे जाणार हे उमेदवाराला त्याच दिवशी कळते. त्यामुळे मंडळाची नव्हे, अर्जाची तयारी करणे एवढेच त्याच्या हाती उरते.

छंदाच्या रकान्याचेच पाहा. महाराष्ट्रातील अनेक उमेदवार तेथे ‘गडकिल्ल्यांची भटकंती’ असे लिहितात, आणि ते खरे असेल तर त्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. मात्र पुढचा प्रश्न शेवटी कोणता गड पाहिला येथून निघून, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी जिंजी तमिळनाडूत का, बेसाल्टच्या माथ्यावर पाण्याची टाकी कशी खोदली गेली, आणि सुट्टीच्या दिवशी गडावर होणारी गर्दी व कचरा जिल्हाधिकारी या नात्याने कसा आवरणार, इथपर्यंत सहज पोचतो. ज्याने गड पायाखाली घातला आहे तो टाक्यांबद्दल नेमके सांगता आले नाही तरी जे पाहिले ते सांगू शकतो, तर शोभेसाठी छंद लिहिणाऱ्याची दुसऱ्याच प्रश्नाला भंबेरी उडते आणि मग उरलेल्या अर्जाकडेही मंडळ संशयाने पाहू लागते. अर्जात खरे तेवढेच लिहिणे हा म्हणूनच या मुलाखतीचा पहिला शिष्टाचार मानायला हवा.

दुसरा शिष्टाचार अज्ञान कबूल करण्याचा. उत्तर येत नसेल तर ‘सर, मला याची माहिती नाही’ किंवा ‘मॅडम, याबद्दल खात्रीने सांगता येणार नाही’ असे एका वाक्यात सांगून थांबणे योग्य ठरते. अंदाज बांधायचा असेल तर तो अंदाज आहे हे आधी सांगून परवानगी घ्यावी. एखाद्या सदस्याने विरोधी मत मांडले तर लगेच बाजू बदलणे आणि हट्टाला पेटणे ही दोन्ही टोके टाळावीत. त्या मतातला ग्राह्य भाग मान्य करून स्वतःची कारणे सांगणाऱ्या उमेदवाराचे तारतम्य तेथे आपोआप दिसते. पोशाख स्वच्छ, नीट इस्त्री केलेला आणि स्वतःला सोयीचा असावा, प्रवेश करताना सर्वांना एकदा अभिवादन करावे आणि सांगितल्यावर बसावे. याहून अधिक सराव या बाबींना लागत नाही.

मराठी माध्यमाच्या उमेदवारांनी आणखी एका गोष्टीचा सराव करावा, आणि तिच्याकडे शिकवणी वर्गांचे फारच कमी लक्ष असते. लेखी परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते आणि त्यासाठी दुभाषा, म्हणजे दोन्ही बाजूंचे बोलणे भाषांतर करून सांगणारी व्यक्ती, उपलब्ध असते. अशा वेळी लांबलचक वाक्य एका दमात बोलले की त्याचा मधला भाग गळतो, म्हणून दोन-तीन छोट्या वाक्यांनंतर थांबावे, बोलताना नजर दुभाष्याकडे न ठेवता प्रश्न विचारणाऱ्या सदस्याकडे ठेवावी, आणि ‘जीएसटी’सारख्या रुळलेल्या संज्ञा तशाच वापराव्यात. भाषांतरात अर्थ बदलल्याचे जाणवले तर ‘माझा मुद्दा थोडा वेगळा होता’ असे म्हणून तो तिथल्या तिथे दुरुस्त करण्यात उद्धटपणा नाही, कारण मराठी न जाणणारे सदस्य गुण देतात ते त्यांच्या कानी पडलेल्या भाषांतरावरूनच.