पातळ पत्र्यावर ‘संतकृपा’

यूएईत ॲल्युमिनियमला तोटा नाही. जेबेल अलीत १९७९ पासून हा धातू तयार होतोय, आणि दुबईची ‘दुबाल’ व अबुधाबीची ‘एमाल’ २०१४ मध्ये एकत्र येऊन ‘एमिरेट्स ग्लोबल ॲल्युमिनियम’ ही मोठी कंपनी उभी राहिली. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात तर गल्लोगल्ली ॲल्युमिनियम-काचेची दुकानं आणि साइनबोर्डवाले. अरबी आणि इंग्रजी पाट्या हव्या तेवढ्या करून मिळतात. मराठी पाटी मागितली की मात्र गाडी अडते.

आमच्या कोल्हापूरच्या घराचं नाव ‘संतकृपा’. फाटकावरची लाकडी पाटी वाळवीने खाल्ली. बाबांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवली, पण आता हात थरथरतात. नवी पाटी मी करून आणायची ठरलं, तीही धातूची. मी दुबईत सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि शारजात राहतो. ओळखीच्या एका साइनबोर्डवाल्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात माझा छोटा सीएनसी राउटर ठेवलाय. फ्लॅटमध्ये तो आवाज आणि तो कीस कोण सहन करणार?

पहिली अडचण अक्षरांची. दुकानातल्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ‘कृ’चा ऋकार सुटून बाजूला पडायचा. म्हणून इंकस्केपमध्ये मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बालू’ हा मुक्त फाँट घेतला, शब्द लिहिला आणि अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर केलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. देवनागरी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. त्या बाह्यरेषा जोडून एक केल्या नाहीत, तर कटर प्रत्येक अक्षराभोवती फिरतो आणि शब्दाचे तुकडे होतात. जोडल्या, की शिरोरेषाच सगळ्या शब्दाला एकत्र धरते. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं. आपल्याकडे अख्खा शब्द एक तुकडा! फक्त ‘सं’वरचा अनुस्वार तरंगत राहतो. त्याला बारीक मान काढून शिरोरेषेला जोडला. कटर गोल असल्याने आतले कोपरे टोकदार होत नाहीत. २ मिलिमीटरच्या कटरने तिथे १ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. म्हणून जाड, गोलसर वळणाचा फाँट सोयीचा.

दुसरी अडचण धातूची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधीच मऊ, चिकट होतं. कटर तापला की कीस त्यालाच चिकटतो, दात बुजतात आणि कटर मोडतो. जवळपास शुद्ध १०५० पत्रा जास्त चिकट. ५०५२ त्यापेक्षा बरा. मी १.५ मिलिमीटरचा ५०५२ घेतला. कटर एकाच दाताचा, म्हणजे कीस बाहेर पडायला जागा राहते. वर लेप नसलेला बरा, कारण काही लेपांत ॲल्युमिनियमच असतं आणि कीस त्याला आणखी चिकटतो.

आपल्याला वाटतं, हळू चालवलं की सुरक्षित. इथे उलट आहे. फार हळू सरकला तर कटर कापत नाही, घासत बसतो आणि तापतो. मिनिटाला १८,००० फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात ०.०२ मिलिमीटर काप धरला, तर वेग मिनिटाला ३६० मिलिमीटर येतो. खोली मात्र कमी, एका वेळी ०.२ मिलिमीटर. म्हणजे आठ फेऱ्यांत पत्रा आरपार. कटर सरळ खाली न घुसवता उतारावरून उतरवायचा. कीस चमकदार आणि सुटा पडला पाहिजे; पीठ पडायला लागलं तर वेग चुकतोय. ही सगळी आज्ञावली पाळणारं ‘जीआरबीएल’ हे मुक्त सॉफ्टवेअर अवघ्या ३२ किलोबाइट मेमरीच्या चिपवर चालतं, याचं मला रोजच्या कामामुळे फार अप्रूप.

तिसरी अडचण पत्रा धरून ठेवायची. पातळ पत्रा नुसता कडांना दाबला तर मध्ये उचलला जातो आणि कटर त्याला ओढतो. उपाय स्वस्त आहे: खाली एमडीएफ, त्यावर मास्किंग टेप, पत्र्याच्या पाठीलाही टेप, आणि दोन टेपांच्या मध्ये फेविक्विक. ‘क’ आणि ‘प’च्या पोटातले तुकडे आधी कापायचे, बाहेरची रेषा शेवटी. डोळ्यांना गॉगल हवाच. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. फिरत्या कटरमध्ये अडकतात.

कापताना मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्याकडे न बघता ते नुसता आवाज ऐकत होते. “आता किंचाळतोय बघ, वेग वाढव जरा,” ते म्हणाले. वेग वाढवला आणि आवाज बसला. माझ्या हिशेबात ती कर्कश शिट्टी कुठेच नव्हती. शेडमधला पेशावरचा कारागीर शेजारी उभा राहून हसला. “उस्ताद हैं,” म्हणाला.

गणपतीत पाटी घरी नेली. बाबांनी चष्मा लावला, थरथरता अंगठा अनुस्वारापासून ‘पा’च्या कान्यापर्यंत कडेवरून फिरवला. मग काही न बोलता आत जाऊन बारीक कानस घेऊन आले. ‘कृ’च्या आतल्या कडेला थोडी बर राहिली होती.