परतीचा हिशेब आधी

श्रावणी पौर्णिमेला गोमंतकाच्या किनाऱ्यावर दर्याला नारळ अर्पण होतो आणि पावसाळाभर झावळ्यांच्या आडोशाखाली विसावलेल्या होड्या पुन्हा पाण्याकडे वळतात. शापोऱ्यापासून तळपणपर्यंत हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. खारवी, गाबीत आणि पागी समाजांच्या उपजीविकेचे वर्ष या दिवसापासून मोजले जाते. या कष्टकरी होड्यांच्या सोबतीला अलीकडे आणखी एक वर्ग पाण्यात उतरू लागला आहे. नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःची लहानशी होडी व तिला जोडलेले छोटे इंजिन घेऊन, सुट्टीच्या दिवशी गरी टाकायला जाणाऱ्या हौशी मंडळींचा हा वर्ग होय. एकाला पोट नेते, दुसऱ्याला हौस. समुद्र मात्र दोघांत भेद करीत नाही. म्हणूनच लहान होडीच्या सफरीची आखणी कशी असावी, हा विषय केवळ छंदाचा नसून जिवाचा आहे, आणि त्याचा विचार मोसमाच्या आरंभीच झाला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नारळ अर्पण झाला म्हणजे दर्या शांत झाला, असे मानण्याची प्रथा आहे. श्रद्धेचा मान राखूनही हे सांगणे भाग आहे की तिथी दरवर्षी सरकते. नारळी पौर्णिमा २०२३ साली ३० ऑगस्टला आली होती, तर २०२५ साली ती त्याहून बरीच आधी आली. यांत्रिक नौकांवरील सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते व तिची अखेर कॅलेंडरने ठरते. मोसमी पाऊस गोमंतकातून माघार घेतो तो साधारणतः ऑक्टोबरात. याचा अर्थ असा, की पंचांग आणि राजपत्र या दोहोंनी परवानगी दिली तरी दर्याची परवानगी त्या त्या दिवशी स्वतंत्रपणे मागावी लागते. शिवाय पौर्णिमा हा उधाणाचा काळ. त्या दिवसांत भरती मोठी येते, तशीच ओहोटीही वेगाने ओढते. ज्या दिवशी उत्साह सर्वाधिक, त्याच दिवशी नदीच्या मुखाशी ओढही सर्वाधिक, हा योग विसरण्याजोगा नाही.

गोमंतकातील लहान होडीची खरी परीक्षा भर समुद्रात होत नाही. ती होते नदीच्या मुखाशी. आपली बहुतेक धक्क्यावरची वस्ती नदीच्या आत आहे. मांडवीच्या मुखाशी आग्वादसमोर वाळूचा पट्टा आहे आणि पावसाळ्यात तेथून होणारी जलवाहतूक बंद ठेवावी लागते. शापोरा नदीचे मुख असेच उथळ. साळ नदीच्या मुखाशी बेतूल येथे वाळूच्या पट्ट्यावर होड्या आणि ट्रॉलर आपटल्याच्या बातम्या तर वाचकांना नव्या नाहीत. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते, समोरून लाटा आत येत असतात आणि तळाशी वाळू वर आलेली असते. या तिहींची गाठ पडली की साधी लाट उभी राहते व फुटते. तिच्यात होडी आडवी सापडली तर तिचे उलटणे काही क्षणांचे काम असते. बाहेर दोन मैलांवर समुद्र आरशासारखा असला तरी मुखाशी हा प्रकार घडू शकतो, आणि म्हणूनच अनुभवी नाखवा बाहेरच्या समुद्राआधी मुखाची चौकशी करतो.

आमच्या मते लहान होडीच्या आखणीचे मूळ सूत्र यातूनच निघते. ते सूत्र असे, की हिशेब निघण्यापासून पुढे न करता परतण्यापासून मागे करावा. सामान्यतः आपण पहाटे किती वाजता निघायचे ते ठरवतो आणि परत येणे मासळीच्या मर्जीवर सोडतो. क्रम उलटा हवा. मुखातून सुखरूप आत येण्याची वेळ कोणती, हे आधी ठरवावे. मग तेथून मागे मोजत मासेमारीला किती तास मिळतात, किती दूर जाता येते आणि केव्हा निघावे लागते, ते काढावे.

याचा आधार म्हणजे भरती-ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोनदा भरती येते आणि दररोज सुमारे पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा येते. तिथीला पाऊणने गुणावे म्हणजे भरतीचा तास मिळतो, हा जुन्या लोकांचा आडाखा याच निरीक्षणावर उभा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण हा आडाखा मुंबईच्या बाजूचा. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोमंतकात ती मुंबईच्या काहीशी आधी येते. तेव्हा आडाखा मनाशी असावा, पण होडी सोडताना मुरगांव बंदराचे भरतीचे कोष्टकच पाहावे. अष्टमीच्या सुमारास पहाटे पाणी भरलेले असते, त्यामुळे निघणे सुखाचे होते; परंतु मध्यान्हीच्या सुमारास परतताना ते ओसरलेले सापडते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास याच्या उलट घडते. पहाटे मुखाशी पाणी कमी असते आणि दुपारच्या आधी परतताना ते चढलेले असते. दोन्ही वेळा अनुकूल असा दिवस क्वचितच मिळतो. म्हणून एकच वेळ निवडायची झाली तर ती परतीची निवडावी, कारण निघताना होडी हलकी असते, माणसे ताजी असतात आणि मुख खवळलेले दिसले तर घरी जाण्याचा मार्ग मोकळा असतो. परतताना यांतले काहीच हाती नसते. ओहोटी चालू असताना मुखाशी पोहोचलेल्या होडीने पाणी चढेपर्यंत बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून थांबावे. त्या थांबण्यासाठी लागणारे दोन-तीन तास, प्यायचे पाणी आणि नांगराचा पुरेसा लांब दोर हेही आखणीतच धरलेले असावेत.

दुसरा आधार वाऱ्याचा. पावसाळा संपल्यावर रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवस चढला की तो पडतो व दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. आपल्याकडे दुपारचा वारा बहुधा वायव्येचा असतो व तो जोर धरला की लहान होडीला पाणी उडवीत, वेग गमावीत यावे लागते. याचा साधा उपयोग असा, की शक्यतो आपल्या मुखाच्या उत्तरेकडील मासेमारीची जागा निवडावी. मग परतताना वारा तोंडावर न येता पाठीशी येतो. दक्षिणेला जाणे भाग असेल तर दुपारचा वारा उठण्यापूर्वीच होडी परतीच्या वाटेला लागलेली असावी.

तिसरा हिशेब इंधनाचा, आणि तो त्रैराशिकाइतका सोपा आहे. एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडचणीसाठी. समजा, इंजिन ताशी ४ लिटर इंधन जाळते आणि जाण्यायेण्यास मिळून ३ तास लागतात. म्हणजे १२ लिटर झाले. होडीत १८ लिटर असले पाहिजेत. आणि ते वरचे ६ लिटर मासळीच्या थव्यामागे धावण्यासाठी नव्हेत, तर समोरच्या वाऱ्यासाठी, चुकलेल्या वाटेसाठी किंवा दुसऱ्याच्या बंद पडलेल्या होडीला ओढून आणण्यासाठी आहेत. इंजिनाचा एक जादा प्लग, तो काढण्याचा पाना आणि बंद इंजिनाला पर्याय म्हणून वल्ह्यांची जोडी यांवाचून होडी सोडू नये. इंजिन आले म्हणून वल्हे घरी राहिले, अशा होड्या आज किनाऱ्यावर थोड्या नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सोय समुद्रात नसते.

जीवरक्षक जॅकेटाविषयी तर बोलावे तितके थोडे. आम्हाला पोहता येते, आम्ही किनाऱ्यावरच जन्मलो, हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. परंतु उलटणाऱ्या होडीचा काठ डोक्याला लागला, किंवा ओहोटीची ओढ माणसाला बाहेर घेऊन चालली, तर पोहण्याची कला किती वेळ पुरी पडणार? जॅकेट होडीच्या तळाशी गुंडाळून ठेवण्याची वस्तू नव्हे. निदान मुख ओलांडताना तरी ते प्रत्येकाच्या अंगात असलेच पाहिजे.

हवामानाच्या बाबतीत मागल्या पिढीला जे नशिबी नव्हते ते आज उपलब्ध आहे. हवामान खाते मच्छीमारांसाठी वेगळे इशारे देते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था १९९९ साली स्थापन झाली. लाटांची उंची व वारा यांचा अंदाज ती देते, आणि समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्याचा रंग उपग्रहाद्वारे पाहून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे तेही सांगते. मात्र मासळी कोठे आहे हे सांगणारा नकाशा आपली होडी तेथून परत येईल की नाही, हे सांगत नाही. मोठ्या ट्रॉलरला उपयोगी पडणारी माहिती वीस फुटी होडीला मोह पाडणारी ठरू नये.

मोहाचा उल्लेख निघाला आहे, तर त्याचे मूळही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लहान होडी आपल्या आवाक्याबाहेर का जाते? हौशी माणसाचे सोडा. कष्टकरी मच्छीमार का जातो? किनाऱ्यालगत मासळी उरली नाही, ही त्याची तक्रार आहे. रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात याच प्रश्नावर मोठा लढा दिला आणि त्यातून १९८० साली गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखून ठेवण्यात आला. प्रखर दिव्यांच्या साह्याने होणारी मासेमारी व दोन ट्रॉलरांनी मिळून जाळे ओढण्याची पद्धत या दोहोंवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. कायदे कागदावर आहेत; अंमलबजावणीबद्दल मात्र पारंपरिक मच्छीमारांची ओरड थांबलेली नाही. राखीव पट्टा खरोखर राखला गेला तर बांगड्यासाठी वा इसवणासाठी लहान होडीला दूरवर जिवावर उदार होऊन जावे लागणार नाही. राखीव पट्ट्याचे रक्षण हा केवळ मिळकतीच्या वाटपाचा प्रश्न नाही, तर तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे शासनाने ध्यानात घ्यावे.

आखणीचा शेवटचा भाग होडीत नसतो, तो किनाऱ्यावर असतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी चक्रीवादळ केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मच्छीमार आधीच समुद्रात होते. त्या आपत्तीत शेकडो घरांतली माणसे परतली नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत आणखी एक विदारक गोष्ट दिसली. नेमकी किती माणसे बाहेर आहेत, याचे सरकारी आकडे आणि चर्चने जमविलेले आकडे जुळत नव्हते. कोण गेला हेच ठाऊक नसेल, तर शोध कोणाचा व कोठे घ्यायचा? मोठ्या वादळात जे घडले तेच एका होडीच्या बाबतीत कोणत्याही साध्या दिवशी घडू शकते.

यावरचा उपाय विनामूल्य आहे. होडी सोडण्यापूर्वी घरी एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यात कोण कोण गेले, कोणत्या बाजूला गेले, किती वाजेपर्यंत परतणार आणि न परतल्यास कोणाला कळवायचे, एवढे चारच मजकूर पुरेत. ठरलेली वेळ टळून एक तास झाला की घरच्यांनी संकोच न करता तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर अथवा सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर कळवावे. होडीवाल्याने दिशा बदलली तर मोबाइलचा संपर्क तुटण्यापूर्वी तसे सांगावे, आणि परतल्यावर परतल्याचे कळविण्यास विसरू नये. पूर्वी वाड्यावरच्या बायकांना कोणाची होडी केव्हा गेली आणि केव्हा यायची हे तोंडपाठ असे. पुळणीवर उभे राहून त्या शिडे मोजीत. ती जाग आता चिठ्ठीने राखावयाची आहे.

शासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक धक्क्यावर मराठी-कोंकणीत लिहिलेला फलक असावा, त्यावर त्या दिवसाची भरती, ओहोटी, वारा व लाटांची उंची मांडलेली असावी, आणि शेजारी जाणाऱ्या-येणाऱ्या होड्यांची नोंदवही असावी. नदीमुखांतील गाळ वेळेवर उपसला जावा आणि सुरक्षित वाट दाखवणारे तरंगते निशाण तेथे मोसमाआधी लागावे. मच्छीमार संस्थांनी नोंदवहीची जबाबदारी उचलली तर खर्चही नगण्य राहील.

होडी आपली, वेळ आपली, मासळीही मिळाली तर आपली. परंतु होडीत बसलेल्या माणसावर हक्क सांगणारे कोणी तरी किनाऱ्यावर असते. रिकाम्या टोपलीने परतलेली होडी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकते. गोमंतकाच्या दर्यावर्दी परंपरेचा अभिमान ज्यांना आहे, त्यांनी गरी भरण्यापूर्वी परतीचा हिशेब मांडण्याची शिस्त या मोसमापासून अंगी बाणवावी.