अवघड जागेचा मार

अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपण हसत सांगतो. परंतु मागे नांदेडला आमच्या वस्तीतील नववीचा एक मुलगा रात्रभर "पोट दुखतंय" एवढेच म्हणत राहिला. आईने ओवा दिला, बेंबी चोळली. संध्याकाळी कबड्डीत गुडघा लागला होता, हे त्याने लाजेपोटी सांगितलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याला दवाखान्यात नेले, तोवर पीळ पडून अंडाची एक गोळी काळी पडली होती. ती काढावी लागली.

गोळी, म्हणजे वृषण, ज्या दोरीसारख्या नाडीला लोंबते तिच्यातूनच तिला रक्त मिळते. नाडी पिळली की रक्त थांबते. १२ ते १८ वर्षांच्या मुलांत हे अधिक घडते. कधी मार लागून, कधी झोपेत अचानक. ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर गोळी बहुधा वाचते, दिवस उलटला की क्वचितच. तेव्हा मुलगा ओटीपोट धरून ओकत असेल, तर चड्डी काढून पाहण्यास बापाने लाजू नये.

चेंडू, म्हशीची लाथ, सायकलचा दांडा यांचा साधा मार तासाभरात उतरतो. आडवे पडावे, लंगोटाचा आधार द्यावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. शेकू नये, चोळू नये. (चोळून देणारे जाणते आजही गल्लोगल्ली भेटतात!) कळ उतरली नाही, पिशवी सुजून काळी-निळी झाली, लघवीत रक्त आले, तर मात्र थांबू नये. गोळीचे जाड पांढरे आवरण फाटलेले असू शकते. सोनोग्राफीत बहुधा कळते, आणि ३ दिवसांच्या आत शिवले तर गोळी बहुतेक वेळा राखता येते.

नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरकरांसाठी विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय संस्था. किनवटचा रस्ता लांबचा. तिकडच्यांनी लगेच १०८ ला फोन लावावा. भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत चहासुद्धा पाजू नये.

त्या मुलाच्या आईने आम्हाला एकच विचारले, "भाऊ, लग्नाचं काय?" डॉक्टर म्हणाले, उरलेली गोळी धडधाकट आहे, मूलबाळ होईल आणि मिशाही फुटतील. तीही पिळू नये म्हणून त्यांनी टाके घालून पक्की केली होती. पोरगा आता लंगोट कसून पुन्हा कबड्डीला जातो.