'डॉक्टरांना दाखव' म्हणण्याआधी

आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूरला दिशा पिंकी शेख या कवयित्री राहतात. त्या पारलिंगी आहेत आणि ते उघडपणे सांगतात. पस्तीसेक वर्षांपूर्वी, हजेरीपटावर मुलगा म्हणून नोंद असलेला एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, मी आतून मुलगी आहे." मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखव." पुढे तो वर्गात दिसला नाही.

त्या वेळी डॉक्टरांच्या पुस्तकांत तरी काय होतं? जरा मागे जाऊ. १९११ मध्ये फ्रॉइडने श्रेबर या जर्मन न्यायाधीशावर निबंध लिहिला. आपलं शरीर स्त्रीचं होत चाललंय, असं श्रेबरला वाटे. फ्रॉइडने त्यात मनोविकार पाहिला, तोही श्रेबरच्या आठवणींचं पुस्तक वाचून. दोघांची भेट कधी झालीच नाही. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड मात्र अशा माणसांना समोर बसवून त्यांचं ऐकत होते. १९१९ मध्ये त्यांनी लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली, पुस्तकं जाळली.

१९६० च्या दशकात अमेरिकेतले मनोविश्लेषक रॉबर्ट स्टोलर यांनी शरीराचं लिंग आणि मनातला लिंगभाव यांत फरक केला. हे मोठंच काम. पण कारण शोधताना बोट दाखवलं आईकडे, ती मुलाला फार जवळ ठेवते म्हणे!

१९८० साली अमेरिकन मनोविकारांच्या सूचीत याची 'विकार' म्हणून नोंद झाली. २०१३ मध्ये त्याच सूचीने म्हटलं, ओळख हा विकार नव्हे. त्यापायी होणारी तीव्र घुसमट ही उपचाराची बाब. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत तर ही नोंद मनोविकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे.

कोणी विचारेल, रोग नाही तर सूचीत ठेवलं कशाला? अहो, गरोदरपण तरी कुठे रोग आहे? दवाखाना लागतोच ना!

२०१४ च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपला लिंगभाव ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. तत्त्वज्ञानाच्या अंगाने मला हे पटतं. पोट दुखतंय म्हणणाऱ्याला डॉक्टर दुखण्याचं कारण सांगू शकतात. 'तुझं दुखतच नाही' असं सांगू शकत नाहीत.

त्या विद्यार्थ्याला डॉक्टरांचं नाव सुचवलं, यात गैर नव्हतं. पण आधी खुर्ची पुढे करून "बस, सांग" म्हणायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.