हीटसिंकला चिकटलेला प्रोसेसर सोडवताना

साफसफाईसाठी हीटसिंक वर ओढावे आणि प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून यावा, हा प्रकार एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये घडू शकतो. प्रोसेसरच्या तळाशी १३३१ नाजूक पिना असतात. त्यांवरील सॉकेटच्या पकडीपेक्षा वाळलेल्या थर्मल पेस्टची पकड बळकट ठरते. एखादी पिन वाकली, तरी संगणक बंद पडू शकतो. म्हणून संगणक आधी दहा-पंधरा मिनिटे चालवावा. उष्णतेने पेस्ट मऊ होते. नंतर तो बंद करून वीजजोडणी काढावी. हीटसिंकची पकड सोडवून ते डावी-उजवीकडे हलकेच फिरवावे व सुटल्यावरच सरळ उचलावे. प्रोसेसर चिकटूनच बाहेर आल्यास पेचकस खुपसू नये. हेअर ड्रायरने हीटसिंक कोमट करून, प्रोसेसर कडांनी धरून, पिनांना स्पर्श न करता हळूहळू फिरवावा. पुन्हा बसवण्यापूर्वी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावण्यास विसरू नये.