इंजिनाची बेरिंग पुन्हां पुन्हां कां जाते?

हिंगोली जिल्ह्यांत बहुतेक गांवीं बैलजोडीचें जड काम आतां ट्रॅक्टरकडे गेलें आहे. नांगरट, रोटाव्हेटर, सोयाबीनची मळणी, हळद घोळण्याचा ढोल आणि मालाची वाहतूक हीं सर्व कामें एकाच इंजिनावर होतात. इंजिन जुनें झालें म्हणजे तें उतरवून नव्यानें बांधावें लागतें. त्यांत विशेष कांहीं नाहीं. परंतु बांधलेलें इंजिन महिना-दोन महिन्यांत पुन्हां खडखडूं लागतें, बेरिंग बदलावी तर तीही जाते, आणि ऐन हंगामांत ट्रॅक्टर झाडाखालीं उभा राहतो, अशी तक्रार अनेकांच्या तोंडून ऐकूं येते. अशा वेळीं दोष तेलास, बेरिंगच्या बनावटीस किंवा बिचाऱ्या चालकास दिला जातो, आणि खरें कारण इंजिनाच्या पोटांत तसेंच राहतें. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. बेरिंग हें रोगाचें ठिकाण आहे, रोगाचें मूळ नव्हे. एकदां गेलेली बेरिंग अपघात म्हणतां येईल. तीच दुसऱ्यांदा गेली, तर पहिल्या वेळचें कारण काढलें गेलें नाहीं असेंच समजावें.

बेरिंग कशावर तरते

इंजिनाचा क्रँक ज्या बेरिंगांत फिरतो त्या गोळ्यांच्या नसून साध्या असतात. पोलादी पत्र्याचे दोन अर्धगोल तुकडे, ज्यांस मिस्त्री शेल म्हणतात, समोरासमोर बसविलेले असतात व त्यांच्या आंतील अंगास मऊ धातूचा पातळ थर असतो. असा मऊ धातु वापरण्याची युक्ति अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं काढिली. त्या वेळीं कथील मुख्य होतें. हल्लीं तांबें व शिसें, किंवा ॲल्युमिनियम व कथील यांचें मिश्रण वापरतात.

परंतु क्रँक या धातूवर टेकून फिरतो असें मात्र नाहीं. तो तेलावर तरतो. इंग्लंडांत १८८३ सालीं बोशँप टॉवर नांवाचा इंजिनियर आगगाडीच्या आंसांच्या बेरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें बेरिंगच्या माथ्यास भोंक पाडिलें, तों तेल आंत जाण्याऐवजीं बाहेरच येऊं लागलें. त्यानें बूच मारिलें, तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. तेथें दाबाचा काटा लावून पाहतां, बेरिंगवर एकूण जो भार होता त्याच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक दाब तेलांत आढळला. फिरणारा आंस तेलास आपल्याबरोबर ओढून अरुंद जागेंत कोंबतो व त्या दाबानें स्वतःच उचलला जातो, हें यावरून कळलें. आणि ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यानें १८८६ सालीं त्याचें गणित मांडिलें.

ट्रॅक्टरच्या बहुतेक इंजिनांत क्रँक व बेरिंग यांतील मोकळीक मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतकी असते. भार येतो त्या बाजूस तेलाचा थर याहूनही पुष्कळ पातळ होतो. हा थर तुटला कीं धातूस धातु लागतो, मऊ थर वितळून पुसला जातो आणि बेरिंग जाते. तात्पर्य, थर कां तुटला एवढाच प्रश्न सोडवावयाचा असतो.

कालव्याचा दाखला

इंजिनांत तेल कसें फिरतें हें आपल्याकडील शेतकऱ्यास समजणें कठीण नाहीं. चेंबर म्हणजे धरण, ऑइल पंप म्हणजे कालव्याचें मुख, सिलिंडरच्या ठोकळ्यांतील लांब नळी म्हणजे मुख्य कालवा, मुख्य बेरिंगांकडे जाणारीं भोंकें म्हणजे वितरिका, आणि क्रँकच्या पोटांतून रॉडच्या बेरिंगकडे जाणारी वाट म्हणजे शेतचारी. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ज्यांचीं शेतें आहेत ते जाणतात कीं, सर्वच शेतांचें पाणी तुटलें तर दोष वर पाहावा लागतो. एकाच शेतास पाणी नसेल आणि शेजाऱ्यांचें पीक हिरवें असेल, तर आपलीच चारी उकरून पाहावी लागते.

इंजिनाचेंही तसेंच. सर्व बेरिंगा सारख्या झिजल्या असतील, तर कारण सर्वसाधारण असतें: पंप झिजला, दाब राखणारा वॉल्व अडकून उघडा राहिला, तेल ओढणाऱ्या नळींतून हवा शिरली, तेलांत डिझेल किंवा पाणी मिसळलें, अथवा धूळ गेली. एकच बेरिंग वारंवार जात असेल, तर कारणही त्या एका ठिकाणींच शोधावें.

एक प्रत्यक्ष उदाहरण

वसमत तालुक्यांतील एका बागायतदारांच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचें असेंच झालें. पहिल्यानें रोटाव्हेटर चालवितांना तेल कमी पडलें व दुसऱ्या क्रमांकाच्या रॉडची बेरिंग रॉडमध्येंच फिरली. क्रँक घांसून आणिला, नव्या बेरिंगा घातल्या. सुमारें साठ तासांत तीच बेरिंग गेली. तेल वाईट ठरवून महाग तेल आणिलें. पुन्हां चाळीस तासांत तीच गत. मग ऑइल पंप नवा बसविला, आणि चालक गाडी ओढून-ताणून चालवितो असें म्हणून अनेक वर्षांच्या माणसास कामावरून दूर केलें. नवा चालक आला, पण बेरिंग काहीं टिकली नाहीं. हळद काढून पडलेली, ढोल भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालवावा लागला, आणि कर्जाचा हप्ता तोंडावर आला.

सुदैवानें मालकांनीं काढलेले शेल टाकून न देतां डब्यांत ठेविले होते. ते ओळीनें मांडून आम्हीं व मिस्त्रीनें पाहिले. इतर सर्व बेरिंगांचा रंग एकसारखा करडा होता. त्यांवर ओरखडेही नव्हते. ज्या तेलावर व ज्या पंपावर इतर सर्व बेरिंगा निर्वेध चालल्या, त्या तेलास व पंपास या एका बेरिंगबद्दल दोषी धरतां येत नाहीं. चालकाचा दोष तर याहून दूर राहिला; त्याच्या हातून जें झालें असतें तें एकाच रॉडला वेंचून लागलें नसतें.

आतां त्या एका बेरिंगचे शेल उलटून पाहिले. पाठीवर चकचकीत घांसल्याच्या व काळ्या जळाल्याच्या खुणा होत्या. शेल रॉडमध्यें घट्ट दाबून बसला पाहिजे. तो घट्ट असला तरच हालत नाहीं व त्याची उष्णता रॉडमध्यें उतरते. पाठ घांसलेली दिसली म्हणजे शेल आंत हालत होता. लागलीच रॉड सोडविला, टोपी बसवून बोल्ट ठरल्या जोरानें आंवळले आणि भोंक तीन दिशांनीं मोजलें. तें मोठें व अंडाकृति झालेलें निघालें. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश फरकही जेथें जास्त, तेथें अकरा शतांशांचा फरक होता. पहिल्याच वेळीं बेरिंग फिरली तेव्हां रॉडचें भोंक बिघडलें होतें. क्रँक घांसला, शेल बदलले, पंप बदलला. रॉड मात्र दर वेळीं डिझेलनें धुऊन तोच परत घातला.

क्रँकमधील तेलाच्या वाटेचें बूच काढलें, तेव्हां त्याच रॉडकडे जाणाऱ्या वाटेंत पहिल्या वेळच्या धातूचा चुरा दडलेला सांपडला. म्हणजे चारीही गाळानें भरलेली होती. त्याच वजनाचा नवा रॉड घातला, क्रँक पुढील मापास घांसला, सर्व वाटा उघडून धुतल्या. त्यानंतर दोन हंगाम इंजिनानें तक्रार केली नाहीं. जुन्या चालकासही मालकांनीं घरीं जाऊन परत बोलावून आणिलें.

शेल वाचण्याची रीति

पंचनाम्यांत जागेवरील खुणा जशा प्रथम लिहून घेतात, तसें शेल काढतांक्षणीं त्यांवर सिलिंडरचा क्रमांक व वरचा-खालचा असें लिहून ठेवावें. मग पुढील खुणा पाहाव्या.

ओरखडे व रुतलेले कण दिसले, तर धूळ किंवा धातूचा चुरा समजावा. हवेच्या फिल्टरची नळी फाटली असल्यास काळ्या मातीची बारीक धूळ याच मार्गानें इंजिनांत शिरते. थर पुसल्यासारखा दिसला, तर तेल अपुरें पडलें. वरच्या शेलची एक कड व खालच्याची उलट बाजूची कड झिजली, तर रॉड वांकला आहे. मधल्या मुख्य बेरिंगा अधिक झिजल्या, तर क्रँक वांकला आहे. पृष्ठभागास किडीनें खाल्ल्यासारखे खड्डे असतील, तर तेल आंबलें किंवा त्यांत पाणी गेलें. बारीक भेगा पडून थराचे तुकडे उडाले, तर इंजिनावर भार जास्त होत आहे. मोठ्या गिअरमध्यें कमी वेगानें गुदमरत ओढणें हें याचें नेहमींचें कारण.

तेलाची परीक्षा मालकानें स्वतः करावी. कांडीवर तेलाची पातळी न घालतां वाढली, तेल पातळ झालें व डिझेलचा वास आला, तर डिझेल आंत उतरत आहे. दुधासारखें झालें, तर पाणी. तेल वाढलें म्हणून समाधान मानूं नये.

इंजिन पुन्हां बांधतांना

बेरिंग एकदां फिरली असल्यास त्या रॉडचें भोंक टोपी आंवळून मोजल्याशिवाय तो परत घालूं देऊं नये. क्रँक घांसून आल्यावर मायक्रोमीटरनें दोन दिशांनीं मोजून घ्यावा. घांसतांना कडेची गोलाई कमी-जास्त झाली तर शेलची कड तिच्यावर चढते. क्रँकच्या व ठोकळ्याच्या तेलवाटांचीं बुचें काढून त्या धुवाव्या व हवेनें फुंकाव्या. तेल थंड करणारा कूलर असल्यास तोही. टोप्यांची अदलाबदल करूं नये, टोपी उलट बसवूं नये. भोंकाचा मुख्य शेल भोंकासमोरच यावा, नाहीं तर तेलाची वाट बंदच होते. शेलांस तेल लावून बसवावें, आणि प्रथम इंजिन सुरूं होऊं न देतां फिरवून दाबाचा काटा चढल्यावरच चालूं करावें. पहिल्या पन्नास तासांनंतर तेल व फिल्टर बदलावे, आणि जुना फिल्टर कापून त्यांत चमकणारा चुरा आहे कीं काय तें पाहावें.

मिस्त्रीपाशीं उभें राहून हीं मापें विचारण्यांत कांहीं संकोच मानूं नये, व त्याजवर अविश्वासही समजूं नये. मापें कागदावर लिहून घ्यावीं आणि जुने शेल घरीं आणावे. पुढें बेरिंग गेलीच, तर तो कागद व तो डबा समोर ठेवून बोलतां येईल. आणि ज्याचा दोष नाहीं त्याच्यावर तो लादण्याचा प्रसंग येणार नाहीं.